जावळाला दोन मामा

आता माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. सुना तर नाहीच, पण किराणावालाही माप टाकताना माझ्याकडं बघून टाकतो. ज्या दिवसांत बोलायला पाहिजे होतं त्या दिवसांत हीच जीभ टाळूला चिकटून बसली होती, असं सांगितलं तर नातवंडं हसतात. हसा बापा हो. तेव्हाच्या सुना तुम्ही पाहिल्या नाहीत. सासूसमोर चप्पल घालायची नाही, पुरुष बसले असतील त्या ओट्यावरून जायचं नाही. आपलंच लेकरू रडलं तरी थोरांसमोर चटकन उचलायचं नाही, दुसरं कोणी उचलून हातात देईस्तोवर वाट बघायची. मी सातवी पास होते, पण त्या सातवीचा उपयोग सासूला पोथी वाचून दाखवण्यापुरता. लिहिताना मला शाळेची भाषा येते आणि भांडताना आपली वऱ्हाडी. तेव्हा दोन्ही उपयोगी पडल्या नाहीत.

आमचं गाव मेडशीपासून पायी जाण्यासारखं. बहात्तर साली पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. ज्वारी गुडघ्याला लागली आणि तिथंच वाळली, कपाशीला बोंड धरलं नाही. उन्हाळा लागायच्या आधीच गावच्या विहिरीत पाण्यापेक्षा गाळ जास्त झाला. आमच्या शेतातल्या विहिरीला एक बारीक झरा होता, तिथं खाली उतरून वाटीनं पाणी भरावं लागायचं. वरून धरलेल्या फडक्यातून गाळलं तरी ते चहासारखंच दिसायचं. वैरण संपली तेव्हा घरधनी बैलजोडी घेऊन सातपुड्याच्या जंगलाकडं निघून गेले. गावातली बरीच माणसं तशी गेली होती. बैल मेले तर पुढच्या साली पाऊस येऊन तरी काय करणार?

घरी उरलो मी, सासू, एक भाकड गाय आणि दोन लेकरं. मोठी मुलगी पहिलीत जायची आणि धाकटा मुलगा नुकता चालायला लागला होता. मी रोज सरकारी तलावाच्या कामावर माती उचलायला जायची. त्या गढूळ पाण्यानं धाकट्याला हगवण लागली. मेडशीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाणी उकळून पाजा म्हणाले. पाणीच नाही तर उकळू काय, हे त्यांना विचारायचं राहून गेलं. आमच्या आळीतलं एक लेकरू त्याच हगवणीनं गेलं, आणि त्याची आई दुसऱ्या दिवशी परत कामावर टोपलं उचलायला आली.

तेवढ्यात माझी नणंद माहेरी आली. ती माझ्या नवऱ्याहून मोठी, आम्ही सगळेच तिला बाई म्हणायचो. परतवाड्याच्या बाजूला तिचं सासर, संत्र्याचा मळा, विहिरीला त्या दुष्काळातही पाणी. सगळं होतं, लेकरू तेवढं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कूस उजवली नाही म्हणून तिच्या सासरी दुसरी बायको करायची बोलणी चालली होती. हे तिनं आईला चुलीपाशी बसून सांगितलं आणि मी भिंतीआडून ऐकलं. तिनं माझ्या धाकट्याचं पोट दाबून पाहिलं, त्याचे हडकलेले पाय हातात घेतले आणि म्हणाली की पाणी पडेपर्यंत दोन्ही लेकरं माझ्याकडं नेते, घरी म्हैस आहे.

मीच म्हटलं, न्या. दुसरं काय म्हणणार? माझ्या डोळ्यासमोर ते शेजारचं लेकरू होतं. मी सोबत जावं असं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा. भावजय कुठं नणंदेच्या घरी मुक्काम टाकून राहते का? आणि सासूला कोण बघणार, गायीला पाणी कोण दाखवणार?

निघायच्या दिवशी एक अडचण झाली. माहेरून लेक सासरी निघाली की तिची ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. तिच्या पदरात तांदूळ नाही तर गहू, नारळ आणि खण घालायचा. रिकाम्या ओटीनं लेक पाठवली तर माहेर बुडालं समजतात. आमच्या घरात होती फक्त रेशनची लाल मिलो ज्वारी. ती भाकरी थापताना तुटायची आणि लोक तिला जनावराचा दाणा म्हणायचे, ती काय ओटीत घालायची! सासूनं गाडगी-मडकी उतरवून बघितली. बाई पदर पसरून पाटावर बसून होती. शेजारच्या दोघी-तिघी बायका निरोप द्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हातारीची लाज चालली होती.

मग सासू माझ्याकडं आली, माझ्या कडेवरून धाकट्याला काढून घेतलं आणि बाईच्या पसरलेल्या पदरात ठेवलं. बाईला कुंकू लावलं आणि म्हणाली, "घे माय. याच्याहून मोठी ओटी मायाजवळ नाई."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. खरं सांगते, मीसुद्धा लावला. बाईचं सासरचं दुखणं मला माहीत होतं, सासूनं लाज राखली असंच मला वाटलं. ओटीत घातलेलं माघारी घेत नाहीत हे काय मला माहीत नव्हतं? पण तो नियम तांदळाचा आणि नारळाचा, लेकराला तो लागू होईल असं मनाला शिवलं नाही. बाईनं पदराची दोन्ही टोकं घट्ट धरली आणि तशीच उठली. मुलगी आत्याचं बोट धरून नाचत गेली, तिला एसटीत बसायचं होतं.

मला वाटत होतं माझं दूध आटलं. लेकरं गेल्यावर कळलं, आटलं नव्हतं. कामावर कोणाचंही तान्हं रडलं की माझी चोळी भिजायची, आणि मातीचं टोपलं डोक्यावर असल्यामुळं पदर ओढून घ्यायलाही हात मोकळा नसायचा. सोबतच्या बायका समजून दुसरीकडं बघायच्या. दुपारी सुकडी मिळायची, सरकारनं दिलेला गोड भरडा. ती अर्धी खाऊन अर्धी मी पदराला बांधून घरी आणायची, आणि दारात आल्यावर ध्यानात यायचं की द्यायची कोणाला. मग सासूला द्यायची. तिला दात नव्हते, ती पाण्यात कालवून खायची आणि मला त्याचाही राग यायचा.

राग तर मला त्या वर्षी सगळ्याचाच आला. घर इतकं चुपचाप झालं की भांडं पडलं तरी बरं वाटायचं. आमच्या गावचा एक जण परतवाड्याच्या बाजाराला गेला होता, तो येऊन म्हणाला, तुझं पोट्टं वळखू नाही येत, गुटगुटीत झालं, म्हशीचं दूध पिऊन राह्यलं. मी त्याला चहा केला, गूळ जास्त टाकला. तो गेल्यावर गोठ्यात जाऊन पोटभर रडले. लेकरू जगलं याचा आनंद होता, आणि ते माझ्यावाचून जगलं याचं वाईटही वाटत होतं. दोन्ही खरं होतं, कोणी काहीही म्हणो.

दुसऱ्या साली पाऊस झाला. घरधनी बैल घेऊन परत आले, दोन्ही बैल जिवंत होते, गावानं त्यांचं कौतुक केलं. पेरणी उरकल्यावर ते लेकरांना आणायला गेले. मी घर सारवलं, ज्वारीच्या कण्या भरडून ठेवल्या, धाकट्याची झोळी धुऊन वाळत घातली. ते आले तर सोबत मुलगी एकटीच. धाकटा कुठं, असं मी सासूसमोर विचारू शकले नाही, पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी राहिले. त्यांनीच सांगितलं की बाई म्हणते, अजून काही दिवस राहू द्या, अंग धरून राह्यला आहे. मुलगी मात्र वर्दी दिल्यासारखं सगळं सांगत सुटली. भाऊ आत्यापाशीच निजतो, बाबांनी घेतलं तर रडला, आत्याला माय म्हणतो.

काही दिवस म्हणता म्हणता मूग निघाले, उडीद निघाले, दिवाळी आली. भाऊबीजेला बाई दरसाल यायची, त्या साली आली नाही. ती का आली नाही ते घरात सगळ्यांना समजलं आणि कोणी बोललं नाही. मी एवढंच केलं, सासूचे पाय चेपताना खाली बघून म्हटलं की आता लेकराला आणायला पाहिजे. म्हातारीनं पाय ओढून घेतले.

"ओटीत घातलेलं कोनी माघारी मांगते का?" ती म्हणाली. "मायी पोरगी सवतीखाली मरन. तुले अजून होतीन."

तिच्या आवाजात जोर नव्हता, ती रडत होती, म्हणून मला तिच्याशी भांडताही येईना. चांगली कजाग सासू असती तर एखाद्या दिवशी भडका उडाला असता. शेतात तूर सोंगताना मी नवऱ्याला विचारलं, धाकट्याला कधी आणता. ते विळा धरून तसेच वाकलेले राहिले. म्हणाले, बाईच्या घरातली दुसरेपणाची बोलणी थांबली आहेत, त्या लेकरानं तिचं घर धरून ठेवलं आहे, पाहू. मग पुढची पेंढी बांधायला लागले. माणूस वाईट नव्हता. पाहू म्हणायचे आणि खरंच पाहत बसायचे.

फाल्गुनात बाईकडून सांगावा आला की लेकराचं जावळ काढायचं आहे, सगळ्यांनी या.

जावळ म्हणजे लेकराचे जन्माचे केस पहिल्यांदा काढणं. दुष्काळात ते राहून गेलं होतं आणि त्याला आता तिसरं लागलं होतं. आमच्याकडं जावळ काढताना लेकराला मामाच्या मांडीवर बसवतात आणि कापलेले केस आत्या आपल्या पदरात झेलते, भुईवर पडू देत नाहीत. मामा म्हणजे आईचा भाऊ, दुसरा कोणी चालत नाही. सांगावा ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकरू माझं असेल तर मांडीवर घेणार माझा भाऊ. ते बाईचं असेल तर मांडीवर घेणार बाईचा भाऊ. आणि बाईचा भाऊ म्हणजे माझा नवरा, त्या लेकराचा बाप. एकदा बापानंच मामा होऊन मांडीवर घेतलं की मग चार लोकांत कोणत्या तोंडानं म्हणायचं, हा माझा मुलगा आहे?

मला बोलता येत नव्हतं, पण भावाला सोबत नेता येत होतं. त्याला कोण अडवणार? माझं माहेर शेलूबाजारजवळ. आईला बरं नाही असं सांगून मी एक दिवस जाऊन आले. भाऊ माझ्याहून लहान, अगदी गरीब गाय, कोणाला अरे म्हणायचा नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की धाकट्याचं जावळ आहे, मामा पाहिजे. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "येतो नं ताई. मामा तर मीच हाय." शेलूबाजारच्या बाजारातून त्यानं भाच्यासाठी मखमली टोपी, झबलं आणि चड्डी घेतली. मामाचे कपडे घातल्याशिवाय जावळ पुरं होत नाही.

मेडशीच्या फाट्यावर भाऊ पिशवी घेऊन उभा दिसला तेव्हा घरधन्यांनी त्याला राम राम केला. सासूनं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि खिडकीकडं तोंड केलं. तिला समजलं होतं. मला बरं वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं.

बाईच्या मळ्यात मांडव घातला होता. माझं लेकरू संत्र्याच्या झाडाखाली उभं होतं, डोळ्यांत काजळ, लांब केसांच्या दोन वेण्या घातलेल्या, पोरीसारखं गोड. मी खाली बसून हात पुढं केले. ते बाईच्या लुगड्यामागं लपलं आणि तिथून एका डोळ्यानं बघत राहिलं. बाईनं माझा हात धरला, घट्ट धरला, पण माझ्याकडं बघितलं नाही. जेवायला वाढताना माझ्या पुरणावर तिनं इतकं तूप ओतलं की ते ताटाबाहेर गेलं. मी तिचा राग करायला गेले होते आणि तेही मला धड जमेना.

मग न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं, वस्तरा दगडावर घासला आणि मांडवात बघून म्हणाला, "मामा कोन हाय? या, बसा, पोराले घट्ट धरा."

माझा भाऊ उठला. पुरता नाही, गुडघ्यावर आला, पिशवी छातीशी धरलेली.

सासूनं शेजारी बसलेल्या आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा हा काय नं, बसला."

परतवाड्याकडच्या लोकांना यात काही वावगं वाटलं नाही, बाईचा भाऊ तोच होता. मी घरधन्यांकडं बघत होते. डोळ्यांनी जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. त्यांनी माझ्या भावाकडं बघितलं, मग आईच्या हाताकडं, मग भुईकडं. बराच वेळ तसेच राहिले. भाऊ बिचारा अर्धा उठलेला, त्याला वाटलं असेल की बहिणीच्या सासरी आपण कोण मोठे लागून गेलो. धोतराचा सोगा सारखा करायला उठलो असं दाखवून तो खाली बसला. तेव्हा माझे घरधनी उठले, पाटावर मांडी घातली आणि आपलं लेकरू भाचा म्हणून मांडीवर घेतलं.

मला सगळ्यांचा राग आला, त्या न्हाव्याचासुद्धा, त्या बिचाऱ्याचा काय संबंध. लेकरू वस्तरा बघून रडायला लागलं आणि घरधनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून झालं, झालं म्हणत होते. दोघांचे कान सारखे होते. मांडवात ते कोणाला दिसत नव्हतं असं नाही.

पहिली बट सुटली आणि बाईचा पदर आपोआप पुढं झाला. तिनं विचार केला नव्हता, ती त्याची आत्याच होती. माझ्या जीवात तेवढ्यात जीव आला. पण तिच्या शेजारी तिची स्वतःची नणंद बसली होती, तिनं बाईचा हात मागं सारला आणि हसत म्हणाली, "तुमी काहून? तुमी माय हाय नं. आत्या मी हाय." बाईनं पदर मागं घेतला. तेव्हा मात्र तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पदर तिनं परत पुढं केला नाही.

आंघोळ घालून झाल्यावर मामाचे कपडे आणा असं कोणी तरी म्हणालं. घरधनी गोंधळले. त्यांनी काही आणलंच नव्हतं, ते तर बाप म्हणून आले होते. माझ्या भावानं आपली पिशवी हळूच त्यांच्याकडं सरकवली. "दाजी, हे घ्या," एवढंच म्हणाला. मग मामीनं ओवाळावं म्हणाले. मी इकडंतिकडं बघितलं आणि मग ध्यानात आलं की मामी म्हणजे मी. मी ताट घेतलं, लेकराच्या बोडक्या डोक्यावर टोपी होती, तिच्याखाली कुंकू लावलं, ओवाळलं. त्याला शिकवल्याप्रमाणं त्यानं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि बाईकडं पळालं.

सासू लेकीकडं राहिली. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं निघालो. भाऊ पुढं बसला होता, मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. बऱ्याच वेळानं घरधनी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी वाट पाहून राह्यलो होतो. तू एकडाव तोंडानं म्हटलं असतं तर मी नसतो बसलो. बोलली काहून नाई?"

इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"भावाले घेऊन आली होती मी," मी म्हटलं. "अजून कसं बोलतेत?"

अकोल्याला गाडी बदलताना भावानं आम्हाला चहा पाजला, घरधन्यांनी तो अर्धा तसाच ठेवला. बाईला सवत आली नाही. माझी सासू सुखानं गेली. मला पुढं आणखी मुलं झाली, ती म्हणाली होती तशी. धाकटा त्या मळ्याचा धनी झाला, चांगला निघाला, दिवाळीला संत्र्यांची पेटी घेऊन येतो आणि दारातूनच हाक मारतो, मामी. मी ओ देते.